अंगावरची चाई



गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या भाच्याच्या उजव्या पोटरीवर आणि डाव्या हाताच्या कोपराखाली रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन-तीन जागी केस नाहीसे झाले आहेत. मुलगा सत्तावीस वर्षांचा, वडिलांच्या बरोबरीने दुकान सांभाळणारा, निर्व्यसनी. स्थळे येऊ लागली आहेत. पत्रात तीन प्रश्न आहेत. हे कशाने होते, यावर औषध काय, आणि मुलीकडच्या मंडळींना हे सांगावे की नाही. तिसरा प्रश्न पत्राच्या अगदी तळाशी, सहीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलेला आहे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला एवढे समजते की, अर्जातील खरी गरज बहुधा शेवटच्याच ओळीत असते.

मी वैद्य नव्हे. माझी पदवी वाणिज्य शाखेची आणि अनुभव कर्जप्रकरणांचा. तथापि या विषयावर लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे, कारण ही व्याधी मी स्वतः भोगली आहे. शिवाय या व्याधीच्या नावाने मी एकदा एका स्नेह्याचे नुकसान केले आहे. त्या दुसऱ्या गोष्टीविषयी आजवर मी कोठे लिहिले नव्हते. ते स्नेही आता म्हणतात, “लिहा साहेब, फक्त नाव नको.” म्हणून लिहितो.

२००४ सालचा फेब्रुवारी महिना. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. वय पंचेचाळीस. मार्चअखेरची धामधूम सुरू झालेली. रविवारी सकाळी दाढी करताना नाभिकाने वस्तरा थांबवला, आरसा माझ्या डाव्या जबड्याजवळ धरला आणि म्हणाला, “साहेब, चाई पडली की हो.” पाहतो तो पावलीएवढी जागा अगदी गुळगुळीत. ना खाज, ना वेदना, ना लाली. जणू तेथे केस कधी उगवलाच नव्हता. पंधरा दिवसांत तशीच एक जागा हनुवटीखाली आणि आणखी एक डाव्या पोटरीवर दिसली. पोटरीवरची बहुधा आधीपासूनच असावी, पण धोतर-पायजम्याच्या आड कोण पाहतो? डोक्याचा केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो, हातापायांचा केस काही आठवडे किंवा फार तर काही महिने. त्यामुळे अंगावरचे केस मुळातच आखूड असतात आणि तेथे चाई पडली तरी ती पुष्कळ दिवस ध्यानात येत नाही.

मी काय केले असेल? जे सगळे करतात तेच. लपवले. एरवी दिवसाआड दाढी करणारा मी रोज सकाळी घोटून दाढी करू लागलो, म्हणजे फरक दिसू नये. तरी उन्हात उभे राहिले की त्या जागेची कांती वेगळी दिसेच. बैठकीत मी डावा हात गालावर टेकवून बसू लागलो. एका सहकाऱ्याने दाढ दुखते का म्हणून विचारले, तर मी होय म्हणालो.

उपाय सुचवणाऱ्यांची वाण नव्हती. आमच्या गुजराती शेजाऱ्यांनी ‘उंदरी’ म्हणून तिची ओळख पटवली आणि लसूण चोळायला सांगितले. नाभिकाने कांद्याचा रस सांगितला. आता आमच्या घरात कांदा-लसूण उंबरा ओलांडत नाही. मातोश्री तेव्हा हयात होत्या, आणि ‘खायचा नाही, लावायचा आहे’ हा युक्तिवाद त्यांच्यापुढे मांडण्याचे धैर्य मला नव्हते. नाभिकानेच तोड काढली. “तुम्ही आणू नका साहेब, मी दुकानात लावतो.” असे चार-पाच वेळा झाले. गाल लाल झाला, आग झाली, केस काही आले नाहीत, आणि एके दिवशी रोखपाल महाशयांनी माझ्या टेबलाशी येऊन नाक किंचित वर करून माझ्याकडे असे पाहिले की मी तो उपाय तेथेच सोडला. पुढे वाचनात आले की, २००२ साली बगदादच्या दोन डॉक्टरांनी कांद्याच्या रसाचा प्रयोग खरोखरच करून पाहिला होता आणि साधे पाणी लावलेल्यांपेक्षा रस लावलेल्यांत केस अधिक आल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले होते. प्रयोग अगदी थोड्या रुग्णांवरचा. तेव्हा नाभिकाला अगदीच अडाणी म्हणता येणार नाही. पण तेवढ्या आधारावर मी कर्ज मंजूर केले नसते.

आपल्या प्राचीन वैद्यकात हिला ‘इंद्रलुप्त’ म्हणतात. सुश्रुताने असे सांगितले आहे की, वातासह प्रकुपित झालेले पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस गाळते आणि नंतर कफ व रक्त ती छिद्रे रोधतात, म्हणून नवे केस येत नाहीत. सूक्ष्मदर्शक नसताना केलेले हे निरीक्षण आहे, आणि बिघाड केसात नसून मुळाशी आहे हे त्यातून नेमके कळते. परंतु त्यावरच्या पाठांत हस्तिदंत जाळून केलेली मषी येते, गुंजेचा लेप येतो. हस्तिदंताचा व्यापार आज कायद्यानेच बंद आहे आणि आपल्या घरांत तो विचारही कोणी करणार नाही. गुंजेचे बी विषारी असते. वैद्याने शोधन केलेल्या गुंजेची गोष्ट निराळी, पण घरी गुंज उगाळून कोवळ्या कातडीवर चोळू नये. फोड येतात आणि फोडांचा व्रण राहिला तर जेथे केस परत येणार होते तेथेही ते येत नाहीत.

शेवटी एप्रिलमध्ये, ताळेबंद मार्गी लागल्यावर, मी मिरजेला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी काचेतून ती जागा पाहिली, कडेचे दोन केस चिमटीने ओढले, ते सहज हातात आले. ते मला दाखवले. वर जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे. मग माझ्या हाताची नखे पाहिली. चाई आणि नखे यांचा संबंध काय, मला कळेना. पुष्कळ रुग्णांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात, असे त्यांनी सांगितले. माझी नखे स्वच्छ होती, ते शुभचिन्ह मानले. मग त्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी लिहून दिली, कारण ज्यांना चाई असते त्यांच्यात थायरॉइडचे विकार आणि कोड ही सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळतात.

कारण त्यांनी जे समजावले ते असे. आपल्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे काम पेढीवरच्या पहारेकऱ्याचे. काही कारणाने हा पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजतो आणि वाढत्या केसाच्या मुळाभोवती घोळका करतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य मोहोळाभोवती माश्या घोंघावतात तसे दिसते, अशी उपमा वैद्यकाच्या ग्रंथांतच आहे. मूळ दुबळे होते, केस तुटतो, गळतो. पण मूळ मरत नाही. येथेच या व्याधीचा सारा दिलासा आहे. व्रण, भाजणे किंवा काही दाहक रोग यांत केसाचे मूळच नष्ट होते आणि तेथे पुन्हा केस येत नाही. चाईत मूळ झोपलेले असते. महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही ते जागे होऊ शकते.

ही व्याधी संसर्गाने होत नाही. एका टॉवेलने, एका वस्तऱ्याने किंवा एका अंथरुणाने ती कोणाला लागत नाही. केसांना किडा लागतो, झुरळ केस खाते, कोणाची दृष्ट लागते, यांपैकी कशातही तथ्य नाही. सुमारे पन्नास माणसांत एकाला आयुष्यात केव्हा तरी चाई पडते, म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या गोतावळ्यात ती असणारच. दिसत नाही याचे कारण सर्वांचाच डावा हात गालावर असतो.

या पहारेकऱ्यांचा एक चमत्कारिक स्वभाव आहे. ते रंग असलेल्या केसांवर अधिक तुटून पडतात आणि पांढऱ्या केसांना बहुधा सोडून देतात. अर्धे पिकलेले डोके असलेल्या माणसाचे काळे केस थोड्या दिवसांत गळून गेले तर उरते ते पांढरेच, आणि लोक म्हणतात एका रात्रीत केस पिकले. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस १७९३ मध्ये वधापूर्वी असेच एकाएकी पांढरे झाल्याची आख्यायिका आहे आणि अशा आख्यायिकांमागे हीच व्याधी असावी, असे अनेक तज्ज्ञ मानतात. याच कारणाने चाईत परत येणारा केस प्रथम पांढरा येतो. माझ्या जबड्यावर ऑगस्टमध्ये पांढरी लव उगवली, दिवाळीपर्यंत ती काळी झाली. एक टिकलीएवढी जागा मात्र पांढरीच राहिली. आता सगळीच दाढी पांढरी झाल्यामुळे ती सापडत नाही.

माझ्यावर उपचार झाला तो ट्रायमसिनोलोन या औषधाच्या इंजेक्शनांचा. अगदी बारीक सुईने जबड्यावरच्या कातडीत थेंब-थेंब सोडायचे, सुमारे महिन्याच्या अंतराने, असे चार वेळा झाले. दुखते, पण दात काढण्याइतके नाही. मर्यादित चाईसाठी आजही हाच प्रमुख उपाय आहे. औषध अधिक झाले तर तेथील कातडी थोडी खोल जाते, म्हणून ते जाणत्या हातानेच घ्यावे. पोटरीवरच्या चाईला डॉक्टरांनी हातही लावला नाही. “तेथे काय फोटो काढायचा आहे?” असे म्हणाले. पोटरीवरचे केसही दाढीच्याच सुमारास आपोआप आले. एकदोनच लहान जागा असतील तर निम्म्या रुग्णांचे केस वर्षभरात औषधाविना परत येतात, हे त्यांनी आधीच सांगितले होते. यामुळेच प्रत्येक गावात चाईवरचा एक हमखास उपाय आणि तो देणारा एक जाणकार असतो. निम्मे यश निसर्ग त्याच्या खात्यावर जमा करीत असतो.

येथवर गोष्ट सुखाची आहे. आता दुसरी.

त्याच गावात हळदीची अडत असलेले एक स्नेही होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. पेढीचे कर्जखाते आमच्या शाखेत, पण संबंध त्यापलीकडचा, सणासुदीला एकमेकांच्या घरी जाणे-येणे. माझी चाई बरी झाल्यानंतरच्या वर्षी एका संध्याकाळी गादीवर बसलो असता त्यांनी सदऱ्याची उजवी बाही वर केली. कोपराच्या खाली, करंगळीच्या बाजूला, एक जागा बिनकेसांची. “साहेब, तुमचीच पाहुणी आमच्याकडे आलीय बघा.” मी पाहिले, हसलो आणि म्हणालो, “अण्णा, काही करू नका. आपोआप जाते. माझ्या पोटरीची गेली ना?”

ज्या माणसाने सातबाऱ्याचा उतारा पाहिल्याशिवाय कधी बैलजोडीचे कर्ज दिले नाही, त्याने एका दृष्टिक्षेपात निदान करून टाकले.

त्या दिव्याच्या उजेडात मला दोन गोष्टी दिसल्या होत्या आणि मी त्या पाहिल्या नव्हत्या. ती जागा भोवतालच्या कातडीपेक्षा किंचित फिकट होती, आणि कोरडी होती. चाईची कातडी नेहमीच्या रंगाची, नितळ असते. अण्णांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आठ-नऊ महिने गेले. एके दिवशी पहाटे पिण्याचे पाणी उकळून उतरवताना त्यांच्या हाताची कड पातेल्याच्या काठाला टेकली. त्यांना कळले नाही. पेढीवर वही लिहायला बसले तेव्हा करंगळीखाली टरारून फोड आलेला दिसला. त्यांना भाजल्याची भीती वाटली नाही. भाजूनही दुखले नाही, याची वाटली. करंगळी आणि अनामिका तोवर थोड्या आकसू लागल्या होत्या.

तो कुष्ठरोग होता. कुष्ठरोगाचे जंतू कातडीत आणि मज्जातंतूत राहतात. त्या डागातील केस जातात, घाम जातो आणि स्पर्शाची जाणीव जाते. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारा मज्जातंतू सुजला की शेवटची दोन बोटे वाकू लागतात. सरकारी रुग्णालयात अण्णांना बहुविध औषधोपचार सुरू झाला, सहा महिन्यांचा, संपूर्ण विनामूल्य. मज्जातंतूची सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोनही दिले. रोग पूर्ण बरा झाला. अनामिका सरळ झाली. करंगळी मात्र अर्धीच सरळ झाली आणि ती आजही तशीच आहे. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. वेळेवर दाखवले असते तर ते बोट वाचले असते, हे त्यांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितले.

म्हणून वाचकहो, अंगावर कोठेही केस नसलेली जागा दिसली तर पहिला प्रश्न औषधाचा नसून स्पर्शाचा आहे. कापसाची बारीक वात करावी. ज्याला चाई आहे त्याला डोळे मिटायला सांगावे. आधी चांगल्या कातडीला आणि मग त्या जागेला वातीचे टोक हलकेच लावावे, आणि जेथे लागले तेथे बोट ठेवायला सांगावे. त्या जागेवर कळत नसेल, किंवा जागा फिकट, तांबूस, कोरडी असेल, तर एक दिवसही न दवडता त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा सरकारी आरोग्य केंद्रात जावे. स्पर्श नीट कळला तरी डॉक्टरांना दाखवायचे टाळू नये. घरची परीक्षा ही घरचीच. औषध सहा ते बारा महिने चालते आणि ते सुरू झाले की रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. या रोगाच्या नावाला घाबरण्याचे दिवस गेले, पण नाव घ्यायला घाबरण्याचे गेलेले नाहीत.

केस जाण्याची इतर कारणेही सांगतो, पण थोडक्यात. कडेला खवले, मध्ये साफ आणि खाज, असे असेल तर ते गजकर्ण असते. त्यावर दुकानातून सांगून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावू नयेत. खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. आपल्या देशात गजकर्ण इतके हट्टी होण्यामागे ही मलमे हे एक मोठे कारण आहे. दोन्ही नडग्यांच्या बाहेरच्या अंगाचे केस सारखेच विरळ होणे हे मध्यम वयाच्या पुरुषांत पुष्कळ आढळते. घट्ट मोजे, विजारीचे कापड, गादीवर तासन्‌तास मांडी घालून बसणे, अशा घर्षणाने ते होत असावे. त्यात काही काळजीचे नाही. परंतु पायाची बोटे आणि नडगी यांवरचे केस जाऊन कातडी चकचकीत व थंड झाली असेल आणि चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर तो जात असेल, तर पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. ज्यांना मधुमेह आहे किंवा तंबाखूचे व्यसन आहे, त्यांनी हे विशेष जपावे. भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे हे थायरॉइड मंदावल्याचे, आणि कधी कुष्ठरोगाचेही, लक्षण असते. बाळंतपणात अतिशय रक्तस्राव झालेल्या भगिनींना अंगावर दूध न येणे, पाळी परत सुरू न होणे, कमालीचा थकवा आणि काखेतील केस जाणे, अशी लक्षणे दिसली तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. आपल्या घरांत हे ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. आणि लहान मूल भुवया किंवा पापण्या स्वतःच उपटत असेल तर त्याला मारू नये. ती मनाची व्यथा आहे, मलमाने जाणारी नव्हे.

चाई पसरत गेली, डोके, दाढी, भुवया आणि सर्वांग यांचे केस गेले, तर मामला गंभीर होतो. लहान वयात सुरू झालेली, नखांवर खळगे पाडणारी, कानामागून मानेवर पट्ट्यासारखी जाणारी चाई ही हट्टी समजतात. तिच्यावर डायफेनसायप्रोन नावाचे द्रव्य आठवड्याला लावून मुद्दाम सौम्य दाह उत्पन्न करतात. पहारेकऱ्यांचे लक्ष दुसरीकडे वळवण्याचाच हा प्रकार, आणि कांद्याच्या रसाचे मर्मही कदाचित हेच असावे. अलीकडे गोळ्या आल्या आहेत. २०१४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सर्वांगाचे केस गेलेल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला संधिवातावरचे टोफासिटिनिब दिले. त्याला सोरायसिसही होता. आठ महिन्यांत त्याच्या डोक्यावर पूर्ण केस आले, भुवया, पापण्या, दाढी, काख सारेच परत आले. पुढे जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबला आणि जून २०२३ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला मान्यता दिली. मात्र आनंदाच्या भरात दोन गोष्टी विसरू नयेत. बॅरिसिटिनिबच्या मोठ्या चाचण्यांत अधिक मात्रा घेणाऱ्या दर तीन रुग्णांमागे एकाहून थोड्या अधिकांचेच डोके पुरेसे भरले, आणि औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळणे नित्याचे आहे. दुसरे म्हणजे ही औषधे प्रतिकारशक्तीच मंदावतात. आपल्या देशात सुप्त क्षयरोग घरोघर असतो, तो तपासल्याखेरीज ही गोळी कोणी घेऊ नये. पोटरीवरच्या दोन रुपयाएवढ्या जागांसाठी तर ती मुळीच नाही.

केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांविषयी एक इशारा. चाईवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. शिवाय बायोटिन घेत असता केलेली थायरॉइडची रक्ततपासणी चुकीची येऊ शकते, म्हणजे कारण शोधण्याचा मार्गच बुजतो. तपासणीपूर्वी ते घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. आपल्या वाचकांसाठी आणखी असे की, कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते आणि काही ‘केशपोषक’ मिश्रणांत माशाचे तेल असते. वेष्टनावरचा मजकूर वाचून घ्यावा.

आता त्या बारीक अक्षरांतील प्रश्नाकडे येतो. चाई वंशात थोडीफार येते हे खरे. आई किंवा वडिलांना असेल तर अपत्याला ती होण्याचा संभव शंभरात पाच-सहा. पण तिने आयुष्य कमी होत नाही, संततीला बाध येत नाही, दुकान सांभाळायला हरकत येत नाही. माझे मत विचाराल तर सांगावे. पहिल्या भेटीत नव्हे, पण बोलणी पुढे सरकली की साध्या शब्दांत, डॉक्टरांच्या कागदासह सांगावे. लपवलेली चाई लग्नानंतर चार दिवसांत कळतेच, आणि मग केसांची नव्हे, लपवण्याची चर्चा होते.

अण्णांच्या मुलीचे लग्न २०१२ साली ठरले. त्यांचा रोग त्यांच्या पत्नीखेरीज आणि माझ्याखेरीज गावात कोणाला ठाऊक नव्हता. त्या वेळी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. ते कलम २०१९ साली संसदेने रद्द केले. अशा काळात, साखरपुड्याच्या आठवडाभर आधी, अण्णा एकटेच व्याह्यांच्या पेढीवर गेले. रुग्णालयाचा उपचार पूर्ण झाल्याचा कागद त्यांनी गादीवर ठेवला आणि वाकडी करंगळी दाखवली. व्याह्यांनी कागद दोनदा वाचला. मग दार लोटून घेतले आणि हळू आवाजात विचारले, “ही औषधं फुकट मिळतात म्हणालात, ती नेमकी कुठं? आमच्या हमालाच्या पाठीवर असाच एक डाग आहे. वर्ष झालं, आम्ही त्याला गजकर्णाचं मलम देतोय.”

लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. मी अक्षतांना होतो.

ज्या भगिनींनी पत्र लिहिले त्यांना मी स्वतंत्र पत्राने कळवले आहे की, भाच्याला आधी कापसाची वात लावून पाहा, मग त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. स्थळाचा विचार त्यानंतर. त्यांचे उत्तर अद्याप यायचे आहे.